क्वार्टरबॅकचं पाठांतर

माझा मुलगा प्रोफेशनल फुटबॉल खेळायचा असं सांगितलं की आपल्या माणसांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे पायाने खेळतात तो ना?" नाही, तो नाही. हा इथला, लांबुडक्या चेंडूचा, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा. दुसरा प्रश्न, "अगं बाई, मग अभ्यासाचं काय?" या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देऊन देऊन माझं तोंड दुखलंय. अभ्यास होता. पीएचडीची पोरं करत नसतील एवढा होता. आणि तो मी स्वतः घेत होते, त्यामुळे मला तरी कुणी विचारू नये.

क्वार्टरबॅकच्या हातून प्रत्येक डाव सुरू होतो. चेंडू त्याच्या हातात येतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत त्याला ठरवावं लागतं, कुणाकडे फेकायचा, कुणाच्या हातात द्यायचा, की आपणच पळत सुटायचं. समोरून रेड्यासारखी माणसं त्याला आडवं करायला धावत येत असतात. हे सगळं टीव्हीवर दिसतं. त्याच्या आधीचं ऐकू येत नाही. डाव सुरू होण्याआधी दहा खेळाडू त्याच्याभोवती गोल करून वाकून उभे राहतात आणि तो त्यांना डावाचं नाव सांगतो. नाव कसलं, मालगाडीच असते ती. रंग, आकडे, प्राणी, मधेच एखादं शहर, सगळं एका दमात. त्यातल्या एकेका शब्दावरून एकेकाला कळतं की आपण कुठे उभं राहायचं, कुणाला अडवायचं. एक शब्द इकडचा तिकडे झाला की दहातला एक जण चुकीच्या बाजूला वळतो, आणि मार क्वार्टरबॅकला बसतो. अशी ढीगभर नावं असतात आणि दर आठवड्याला नवी येतात.

मी नागपूरची. आमच्या घरी अभ्यास म्हणजे उभ्याने, मोठ्याने, गच्चीवर फेऱ्या मारत. मुलगा नववीत असताना त्याच्या शाळेच्या कोचने त्याला एक जाडजूड फाइल दिली. हा आपला पलंगावर पडून तिच्याकडे बघत बसलेला. मी म्हटलं, "असं नुसतं बघून काय होणार आहे बाप्पा? उठ. चालायला लाग." इथे वाळवंटात, चँडलरच्या आमच्या घरामागे गवत नाही, खडी आहे. त्या खडीवर तो इकडून तिकडे चालायचा, मी पायरीवर बसून फाइलमधलं एक नाव वाचायचे, तो माझ्यामागून म्हणायचा. चुकलं की पहिल्यापासून. माझा नवरा पुण्याचा, त्याला टोमणे मारल्याशिवाय चहा पचत नाही. तो दारातून म्हणायचा, "काय, आज कितवी संथा?" पण महिन्याभरात पोराची ती अख्खी फाइल पाठ झाली आणि त्याच्यापेक्षा मोठी, त्याच्यापेक्षा ताकदीची पोरं बाकावर बसली. कोचने नवऱ्याला विचारलं, "तुमच्या मुलाची मेमरी अशी कशी?" नवऱ्याने सांगितलं, आमच्याकडे तशीच असते. वाचून वाचून घसा माझा बसला होता.

ही आमची पद्धत पुढे कायम राहिली. पेनसिल्व्हेनियातल्या एका कॉलेजने त्याला घेतलं तेव्हा मला वाटलं, सुटले. कुठलं काय. तिथल्या कोचने दिलेली नावं तो आधी स्वतःच्या हाताने कागदावर उतरवायचा, त्या कागदाचा फोटो मला पाठवायचा आणि बुधवारी संध्याकाळी फोन करायचा. तो तिकडे खोलीत फेऱ्या मारतोय हे त्याच्या श्वासावरून मला इकडे कळायचं. त्याचं अक्षर सुंदर, अगदी माझ्या वडिलांसारखं, थोडं डावीकडे झुकलेलं.

पहिली दोन वर्षं तो बाकावर होता. तिसऱ्या वर्षी खेळायला लागला आणि चौथ्या वर्षी मात्र त्याने कमाल केली. आम्ही सुट्ट्या काढून मॅच बघायला जायचो. थंडीने नाक गळतंय, अंगावर तीन-तीन स्वेटर, आणि मी रेफरीला नागपुरी भाषेत काय काय बोलायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. पुढच्या रांगेतली एक गोरी बाई एकदा वळून म्हणाली, "मला काही समजलं नाही, पण मी तुमच्याशी सहमत आहे." इकडे मराठी मंडळाच्या गणपतीत मात्र एका काकूंनी माझा हात हातात घेऊन हळूच विचारलं, "मेडिकलला नंबर नाही का गं लागला त्याचा?" मी म्हटलं, "नाही ना काकू, नापास झाला." त्यांनी वर्षभर माझ्याकडे दयेने पाहिलं.

कॉलेजमधून प्रोफेशनल संघात जायचं तर ड्राफ्ट असतो. तीन दिवस सगळे संघ आळीपाळीने पोरं निवडतात आणि टीव्हीवर नावं सांगतात. आमच्या पोराचं नाव आलं तर शेवटच्या दिवशी येईल असं त्याच्या एजंटने सांगितलं होतं. नवऱ्याने उत्साहाच्या भरात त्या दिवशी मंडळातली निम्मी माणसं घरी बोलावली. मी बटाटेवडे तळत होते. दर वेळी टीव्हीवर नाव पुकारायची वेळ आली की घर चिडीचूप व्हायचं, मग दुसऱ्याच कुणाचं नाव यायचं आणि कुणीतरी म्हणायचं, "अजून आहेत, अजून आहेत." संध्याकाळ झाली तशी वडे थंड झाले. शेवटचं नाव वाचून झालं तेव्हा कुणालाच कुणाकडे बघवेना. एकेक जण उठून दारात चपला शोधायला लागला. मुलगा सगळ्यांना "थँक यू, काका, थँक यू, मावशी" म्हणत हात जोडून उभा होता. मला त्याला आत ओढून न्यावंसं वाटत होतं. मग त्याचा फोन वाजला. निवड नाही, पण सरावाला येऊन बघ, असं एका संघाने विचारलं होतं. दारात अडकलेल्या एका काकांनी एका पायात चप्पल घालून त्याला मिठी मारली.

मग पुढची काही वर्षं कशी गेली ते टीव्हीवर कुणाला दिसलं नाही. उन्हाळ्यात संघात भरपूर पोरं असतात, मोसम सुरू होण्याआधी निम्म्यांना काढतात. सकाळी कुणीतरी येऊन सांगतं, टॅबलेट घेऊन ऑफिसमध्ये ये. टॅबलेटमध्ये डावांची नावं असतात, तो परत द्यायचा आणि बॅग भरायची. आमच्या पोराने तो दोनदा परत दिला. तिसऱ्या संघाने त्याला सरावापुरतं ठेवलं. तिथे त्याचं काम काय, तर पुढच्या रविवारी जो समोरचा क्वार्टरबॅक असेल त्याची नक्कल करायची, म्हणजे आपल्या संघाला सराव होईल. दर आठवड्याला वेगळ्या माणसासारखं चालायचं, त्याच्यासारखं फेकायचं. रविवारी मात्र कानाला हेडफोन लावून बाजूला उभं राहायचं. मी चिडून म्हणायचे, "किती दिवस दुसऱ्याची सोंगं काढणार आहेस? डिग्री आहे, ये परत, कर नोकरी." तो म्हणायचा, "वन मोर इयर, आई." आणि बुधवारी फोन करायचा. खेळायचं नसलं तरी नावं सगळी पाठ हवीत, कारण कधी हाक येईल सांगता येत नाही. मी बडबड करत वाचायचे, पण एकही बुधवार चुकवला नाही.

गेल्या मोसमात हाक आली. संघाच्या मुख्य क्वार्टरबॅकचा गुडघा गेला, पुढच्या वर्षीपर्यंत तो उभा राहणार नव्हता. दुसऱ्या नंबरवर तोवर आमचा पोरगा चढला होता. तो मैदानात आला, चाचपडला, मग सावरला आणि संघ जिंकला. त्या दिवशी नवरा घरभर नुसता फिरत होता, त्याला खुर्चीत बसताच येईना. मीही रडले. एवढी वर्षं ज्या जागेच्या दारात पोर उभं होतं ती जागा त्याला मिळाली होती.

त्याच्या पुढच्याच मॅचमध्ये तो आपटला. चेंडू फेकून झाला होता, तेवढ्यात बाजूने एक जण येऊन धडकला आणि त्याचं डोकं मागून जमिनीवर आदळलं. टीव्हीवर ते पुन्हा पुन्हा दाखवत होते. तो पटकन उठला. नियमाप्रमाणे डॉक्टर त्याला मैदानाच्या कडेच्या छोट्या निळ्या तंबूत घेऊन गेले. तिथे काही शब्द सांगतात, ते लक्षात ठेवून परत म्हणायचे असतात. महिने उलटे म्हणायचे, तोल सांभाळून उभं राहायचं. हा सगळ्यात पास. नंतर फोनवर मला म्हणाला, "आई, फक्त पाच वर्ड्स होते. तू तर मला पन्नास म्हणायला लावतेस." आम्ही तिघंही हसलो. डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं की पुढे काहीही त्रास झाला, डोकं दुखलं, प्रकाश सहन झाला नाही, तर लगेच सांग. त्यांनी त्यांचं काम चोख केलं होतं.

त्या आठवड्यात त्याचा फोन बुधवारी एकदा नाही, रोज आला. आणि हाताने लिहिलेला कागद आला नाही. छापील पानांचे फोटो आले. म्हणाला, "लिहायला टाइम नाहीये, तू वाच, मी ऐकतो." मला वाटलं, बरोबर आहे, आता तो मुख्य खेळाडू, त्याच्यामागे शंभर व्याप. दुपारच्या सुट्टीत ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीचा एसी लावून मी वाचत बसायचे. तो एकदा ऐकायचा आणि बिनचूक म्हणायचा. एक शब्द हलत नव्हता. रविवारी तो खेळला, संघ परत जिंकला.

त्यानंतर त्यांच्या संघाला एक आठवडा मॅच नव्हती आणि नेमकी दिवाळी होती. कित्येक वर्षांनी पोरगा दिवाळीला घरी आला. मी चकल्या केल्या, शंकरपाळे केले, नवऱ्याने बाल्कनीत दिव्यांच्या माळा सोडल्या. तो आला तो काळा चष्मा लावून. घरात आल्यावरही काढला नाही. चँडलरचं ऊन तसंच आहे म्हणून मी काही बोलले नाही. संध्याकाळी माळा लावल्यावर तो म्हणाला, "आई, ते ब्लिंक होणारं बंद कर ना, प्लीज." नवरा म्हणाला, "अरे, दिवाळी आहे." मी बंद केलं. रात्री मी नवऱ्याला म्हटलं, डोकं आपटल्यापासून याचं काहीतरी बिनसलंय, तर तो म्हणाला, "काहीतरीच काय. परवा फोनवर मीच ऐकलं, अख्खं मुखोद्गत आहे त्याचं. एवढं ज्याला पाठ म्हणता येतं त्याच्या डोक्याला काय झालंय?" आणि मला ते पटलं. आमच्या दोघांच्याही घरात असंच मोठं केलंय माणसाला. म्हणता आलं की आलं. देवळातले म्हातारे अध्यायच्या अध्याय म्हणतात तेव्हा आपण म्हणतो, बुद्धी किती तल्लख आहे बघा, आणि त्यांना घरचा रस्ता आठवतो की नाही हे कुणी विचारत नाही.

पाडव्याच्या दिवशी जेवणं झाल्यावर आम्ही पत्ते काढले. आम्ही तिघंच, म्हणून आमच्या घरात पहिल्यापासून पाच-तीन-दोन. ज्याचे पाच हात करायचे असतात तो हुकूम सांगतो, म्हणजे त्या डावात कुठला रंग वरचढ ते ठरवतो. हा खेळ पोरगा लहानपणापासून असा खेळायचा की आमची बोलती बंद. कुणाकडून काय गेलं, कुणाकडे काय उरलंय, सगळं त्याच्या डोक्यात. त्या दिवशी पाच त्याच्याकडे होते. त्याने हुकूम सांगितला, इस्पिक. दोन हात झाले. मी बदामाची राणी टाकली. तो पानांकडे बघत राहिला आणि मला विचारलं, "हुकूम काय आहे?"

नवरा हसला. "अरे गाढवा, तूच सांगितलास की." तोही हसला. "हो, हो. इस्पिक." पुढच्या हाताला त्याने परत विचारलं. यावेळी नवरा हसला नाही. पोराने कसंबसं एक पान टाकलं, मग हातातली सगळी पानं पालथी ठेवली आणि म्हणाला, "आय ॲम जस्ट टायर्ड, बाबा." आणि आत जाऊन पडदे ओढून झोपला. मी पत्ते गोळा केले.

मी एका चिप बनवणाऱ्या कंपनीत काम करते. गिऱ्हाइकाकडून बिघडून परत आलेल्या चिप आमच्या लॅबमध्ये येतात, कुठे बिघाड झाला ते शोधायचं. मेलेली चिप सोपी असते. सगळ्यात वैताग आणते ती चिप, जी गिऱ्हाइकाकडे बंद पडते आणि आमच्या मशीनवर लावली की दर वेळी पास होते. नवी पोरं म्हणतात, पास आहे, परत पाठवून देऊ. मी त्यांना ओरडते की मशीन जे विचारतं तेवढंच चिप सांगते, दुसरं काहीतरी विचारा. हे मी इतकी वर्षं लोकांच्या पोरांना शिकवतेय आणि माझ्या पोराला रोज तेच ते विचारत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वयंपाकघरात चहा घेत होता. मी त्याच्यासमोर बसले आणि सरळ विचारलं, "कागदावर लिहिणं का बंद केलंस?"

तो चहा ढवळत राहिला.

"मी तुझी आई आहे, कोच नाही. का बंद केलंस?"

"अक्षरं हलतात," तो म्हणाला. "कागदावरची पण, स्क्रीनवरची पण. थोडा वेळ बघितलं की उलटी होईल असं वाटतं. म्हणून तुला वाचायला सांगितलं."

 रोज दुपारी गाडीत बसून मी जे वाचत होते त्याच्या जोरावर तो मैदानात उभा राहिला होता. दिसत नव्हतं त्याला नीट, आणि त्याचे डोळे मी झाले होते. मला स्वतःचीच किळस आली आणि त्याचा भयंकर राग आला.

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"नाही."

"का?"

तो शांतपणे बोलला, अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत, जसा तो नेहमी बोलतो. सांगितलं तर ते त्याला बसवणार. बसवलं तर दोन दिवसांत दुसरा कुणीतरी आणणार. तो दुसरा बरा खेळला की संपलं. "आई, मी कुणाचा पहिला चॉइस कधीच नव्हतो. ड्राफ्टच्या दिवशी तू बघितलंस ना. एवढी वर्षं मी एका स्पॉटसाठी थांबलोय. तो स्पॉट आत्ता माझा आहे. परत होणार नाही. नेव्हर."

तो खोटं बोलत नव्हता, हेच तर वाईट होतं. मला तो खेळ कळतो. त्याच्या वयाच्या, निवड न झालेल्या क्वार्टरबॅकला दुसरी संधी कुणी देत नाही. मी म्हटलं, "आणि परत डोकं आपटलं तर?"

"नाही आपटणार."

"हे तू ठरवणार आहेस?" माझा आवाज चढला. "मीच फोन करते त्यांना."

"कर," तो म्हणाला. "ते मला परत टेस्ट करतील. मी परत पास होईन. आणि तुझ्याशी मी आयुष्यात बोलणार नाही."

पास तो झालाच असता. ते शिकवलं होतं ना मी. नवरा दारात उभा राहून ऐकत होता. मला वाटलं आता तरी हा बापासारखा दोन शब्द बोलेल. तो म्हणाला, "तो मोठा झालाय. त्याचं त्याला ठरवू दे." नंतर गॅरेजमध्ये तो एकटाच गाडी पुसत बसला होता, धुतलेलीच गाडी, आणि रडत होता. मी त्याच्याशीही बोलले नाही.

विमानतळावर जाताना पोरगा माझ्या पाया पडला. मी त्याला म्हटलं, "एक सांगते. तुला खेळायचं असेल तर खेळ, तुला बांधून ठेवायची ताकद माझ्यात नाही. पण मी वाचणार नाही. माझ्या तोंडून एक शब्द मिळणार नाही."

त्याला वाटलं असेल, आई चिडलीय, बुधवारपर्यंत निवळेल. आजवर तसंच होत आलं होतं.

मंगळवारी दुपारी पानांचे फोटो आले. पाठोपाठ फोन. मी गाडीत होते, एसी चालू होता. तो म्हणाला, "आई, पहिल्या पानापासून घेऊ या." मी म्हटलं, "नाही." तो म्हणाला, "प्लीज." मी म्हटलं, "नाही." तो चिडला, म्हणाला, फोनसुद्धा वाचून दाखवतो हल्ली. मी म्हटलं, "मग फोनकडून घे."  त्याचा श्वास मला ऐकू येत होता. तो फेऱ्या मारत नव्हता, बसून होता. मग अगदी लहान आवाजात म्हणाला, "आई, धिस इज माय होल लाइफ." मला ते सहन झालं नाही. ती पानं माझ्या मांडीवरच्या फोनमध्ये होती, वाचली असती तर पंधरा मिनिटांचं काम. मी फोन ठेवून दिला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून मोठमोठ्याने रडले. कोण बघतंय याची पर्वा केली नाही.

बुधवारी फोन आला नाही. तो कॉलेजला गेल्यापासूनचा असा हा पहिलाच बुधवार. मी भाजी चिरत बसले होते आणि दर दोन मिनिटांनी फोन चालू आहे ना ते बघत होते. नवरा म्हणाला, "कर ना तू." मी म्हटलं, "केला तर वाचेन." त्याने माझा फोन उचलून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला. एवढं तरी त्याने केलं.

गुरुवारी काय झालं ते मुलाने मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. फोनकडून ऐकून ऐकून त्याने होईल तेवढं पाठ केलं होतं. सरावाला दहा जण त्याच्याभोवती वाकून उभे राहिले. त्याने डावाचं नाव सुरू केलं आणि अर्ध्यावर थांबला. पुढचं येईना. ती एवढाली दांडगी माणसं, जी त्याला मार बसू नये म्हणून स्वतः मार खातात, त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्यातला एक जण हळूच म्हणाला, "टेक युअर टाइम." तो म्हणतो, त्या माणसाचा चेहरा बघून त्याला कळलं की चुकीचं नाव सांगितलं तर हाडं त्याचीही मोडतील. तो गोलातून बाहेर आला, हेल्मेट काढलं, चालत डॉक्टरांकडे गेला आणि पहिल्या दिवसापासूनचं सगळं सांगून टाकलं.

मग तपासण्या झाल्या, डोळ्यांचे डॉक्टर झाले, मेंदूचे झाले. मोसम तिथेच संपला. त्याच्या जागी जो पोरगा आणला तो पहिल्याच रविवारी भन्नाट खेळला. आज तोच त्या संघाचा क्वार्टरबॅक आहे. मोसम संपल्यावर संघाने आमच्या पोराला मोकळं केलं. त्याने टॅबलेट परत दिला. त्यानंतर कुठल्याही संघाचा फोन आला नाही. इतर खेळाडू निवृत्त झाले की काहीतरी जाहीर करतात, फुलं-बिलं मिळतात. याचं तसं काही झालं नाही. एका दुपारी तो दोन बॅगा घेऊन चँडलरला आला आणि त्याच्या जुन्या खोलीत झोपला.

आता तो बरा आहे. डोळ्यांचे व्यायाम करतो, सकाळी उन्हाआधी चालून येतो, अर्धा तास वाचू शकतो. गाडी चालवायची परवानगी गेल्या महिन्यात मिळाली. पण घरात आल्यापासून तो माझ्याशी कामापुरतंच बोलायचा. मीठ दे, टॉवेल कुठेय. बाबाशी गप्पा मारायचा, माझ्याशी नाही. मीही आपली पोळ्या लाटत राहायचे.

परवा दुपारी तो जेवायला बसला होता. नवरा ऑफिसला गेला होता. मी तव्यावरची पोळी त्याच्या ताटात टाकली तेव्हा तो वर न बघता म्हणाला, "तू वाचलं असतंस तर मी खेळलो असतो. तुला माहितीये ना?"

मी म्हटलं, "माहितीये."

"मी कदाचित ठीक राहिलो असतो."

"राहिला असतास कदाचित."

त्याने घास तोडला. "मी तुला अजून माफ नाही केलेलं, आई. तो मंगळवार मला पूर्ण आठवतो. तू काय काय बोललीस, तुझ्या गाडीचा एसी, सगळं."

मी पोळीला तूप लावत होते. माझा हात थांबला. इतके महिने मी डॉक्टरांना, नवऱ्याला, देवाला जे विचारत होते त्याचं उत्तर हे पोर समोर बसून रागाने मला देत होतं.

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याने मान झटकली, पण उठून गेला नाही.

"नको करूस माफ," मी म्हटलं. "पण असंच सगळं आठवत राहू दे तुला."